संस्थापकांचं सहावं बोट

"बालविभाग बंद! कायमचा!" बटाट्या ओरडत वाचनालयाचा जिना उतरला. "तिथे अध्यक्षांची केबिन होणार!"

"कोण म्हणतं?" चष्मिशने विचारलं.

"संस्थापकांचं तैलचित्र!"

दोघं सभागृहात धावले. अध्यक्ष हातात छडी घेऊन कार्यकारिणीला चित्र समजावून सांगत होते. चित्रकलेवरचं एकही पुस्तक त्यांनी उघडलेलं नव्हतं, त्यामुळे बोलताना ते कुठेच अडत नव्हते.

"या आठ्या पाहा. ही खाली वळलेली तिरकी नजर! संस्थापकांना पोरांचा कलकलाट खपत नसे. मिटलेलं पुस्तक म्हणजे शांतता. आणि डाव्या हाताला सहा बोटं, म्हणजे असामान्य प्रतिभा!"

कार्यकारिणीने माना डोलावल्या. उपाध्यक्षांनी हळूच स्वतःची बोटं मोजली आणि ते खिन्न झाले.

वीस वर्षं बालविभाग सांभाळणाऱ्या ग्रंथपालबाई पुस्तकं खोक्यात भरत होत्या.

चष्मिश चित्राला नाक लावून उभी राहिली. "सहावं बोट इवलंसं आहे! नखावर शाई! आणि ते चौकटीच्या बाहेरून आलंय!"

"मुलांना प्रतीकं कळत नाहीत," अध्यक्ष गुरगुरले.

"बोटं मोजता येतात, काका."

बटाट्या समोरच्या फ्रेमवाल्या काकांना ओढतच घेऊन आला.

"मी बजावलं होतं, चित्र मोठं आहे, नवी चौकट करू," काका म्हणाले. "तर हे म्हणाले, माझ्या सत्काराच्या फोटोची जुनी चौकट पडून आहे. तीच वापर, उरलेलं मागे वळव!"

"ते... काटकसर म्हणून..." अध्यक्ष छडीकडे पाहू लागले.

काकांनी पक्कडीने खिळे उपसले, कापड जपून उलगडलं. आठेक वर्षांची एक मुलगी बाहेर आली! एका हाताने तिने संस्थापकांचा हात धरला होता, दुसऱ्या हातात उघडं पुस्तक.

"अय्या! ते रागावलेले नाहीतच!" चष्मिश किंचाळली. "डोळे बारीक करून तिचं पुस्तक वाचतायत! स्वतःचं मिटून!"

कार्यकारिणीने पुन्हा माना डोलावल्या. त्यांना तेवढंच येत होतं. केबिन एकमताने रद्द झाली.

"मला पहिल्यापासून शंका होतीच," अध्यक्ष म्हणाले.

"शाब्बास गं! शाब्बास रे!" बाई म्हणाल्या. "चला, ती खोकी रिकामी करा."

फ्रेमवाल्या काकांनी रिकामी चौकट अध्यक्षांच्या हातात ठेवली. "ही घ्या साहेब. तुमचा फोटो हिच्यात अख्खा मावतो."