ओसरीवरचा वाचक

ही हकीकत रचलेली नाही. ज्याच्या घरी ती घडली, तो मल्लेश आजही मुरुम गावातच राहतो, आणि तिचा अर्थ त्याला आजही लागलेला नाही.

रात्रही नव्हती. चैत्रातली भर दुपार होती. वीज गेलेली, बाजारपेठ झोपलेली, गल्लीत कुत्रंसुद्धा नाही.

मल्लेश मुळात अबोल. चारचौघांत त्याचे शब्द घशातच मावळत. म्हणून त्याने इंटरनेटवर एक ब्लॉग काढला होता. नाव ठेवलं 'ओसरी'. दर रविवारी तो तिथे आपल्या आवडत्या वेबसाइट मांडून ठेवी. एक पक्ष्यांच्या आवाजांची, एक जुन्या नकाशांची, एक देशोदेशीचे रेडिओ ऐकवणारी. सोबत मनातलं काहीबाही. झेडपीची निवडणूक, टँकरची वाट पाहणाऱ्या घागरी, पिठाच्या गिरणीतल्या गप्पा.

त्याची ओसरी रिकामीच असे.

एक वाचक सोडून.

शरणबसप्पा. एवढंच नाव, फोटो नाही. प्रत्येक लेखाखाली त्यांची छोटीशी दाद येई, आणि शेवटी नेहमी एकच शब्द...

'येतो.'

मल्लेशने एकदा जिल्ह्याच्या नावावर लिहिलं होतं. पाटीवर धाराशिव झालं, पण एसटीच्या कंडक्टरच्या तोंडून अजून उस्मानाबादच निघतं, असं काहीसं. त्याखाली त्यांनी विचारलं होतं, 'जुन्या नावाने कुणी हाक मारली, तर आता ओ कोण देतं? येतो.'

ते वाक्य मल्लेशने कितीदा तरी वाचलं. आपलं कुणीतरी वाचतं, या एका जाणिवेवर त्याचा आठवडा निघे. तरी उत्तर त्याने कधीच दिलं नाही. भिडस्तपणा, दुसरं काय.

"माणूस 'येतो' म्हणतंय, तर त्याला 'या' म्हणावं," अव्वा एकदा म्हणाली. अव्वा म्हणजे त्याची आई, इरम्मा. घरात दोघंच. "न्हायतर ते दारातच उभं ऱ्हातं की रं."

ती हसली. तो नाही.

मग एका रविवारी शरणबसप्पांनी स्वतःच एक वेबसाइट सुचवली. 'तुमच्या यादीत ही असू द्या. येतो.'

पांढरं पान. मध्ये एकच बटण. त्याने ते दाबलं...

कुठल्याशा घरातली दुपार ऐकू आली. नळाचं थेंब थेंब. बांगड्यांची किणकिण. मग खोकला. कोरडा, मध्येच अडखळणारा.

तो खोकला मल्लेश ओळखत होता.

ते त्याचंच घर होतं.

पुढे दाराची कडी वाजली... बांगड्या दाराकडे गेल्या. "या, बसा," अव्वाचा आवाज म्हणाला. बाहेरच्या खोलीतली लाकडी खुर्ची करकरली.

आणि त्यानंतर बांगड्या नाहीत. खोकला नाही. नळ तेवढा गळत राहिला.

असं कुणी त्यांच्या घरी आलेलं नव्हतं.

अजून तरी.

दुसऱ्या दिवशी तो बाजारात रेवणप्पांच्या आडत दुकानात गेला. गावातला माणूस न् माणूस त्यांना ठाऊक.

"बोलतोस व्हय तू?" रेवणप्पा म्हणाले. "मला वाटलं, इरम्माचं पोरगं मुकंच हाय."

पण शरणबसप्पांचं नाव ऐकताच त्यांची चहाची बशी ओठांपाशीच थांबली.

"आमच्या शेजारच्या गाळ्यातले. वाचायचा लई नाद. गिऱ्हाईक नसलं की मोबाईलमधी डोकं. पर इलेक्शनवरनं लेकाशी बिनसलं. त्या दिवशी सोलापूरला निघाले. दारातनं 'येतो' म्हणाले. रागाच्या भरात घरातनं कुणी 'या' म्हटलं न्हाय. नळदुर्गाच्या अलीकडं, एसटीतच गेले बघ."

"कधी?"

रेवणप्पांनी साल सांगितलं. तेव्हा मल्लेशची 'ओसरी' जन्मालाही आली नव्हती.

घरी येऊन त्याने अव्वाला विनवलं. दारात कुणीही आलं, तरी 'या' म्हणू नकोस.

"आलेल्याला 'या' न्हाय तर काय 'जा' म्हणू? तुझं इंटरनेट असलं शिकवतं व्हय?"

तिला त्या पानावरचे आवाज ऐकवायचा धीर त्याला झाला नाही. तो फक्त घराबाहेर पडेनासा झाला.

आणि ती दुपार आली.

वीज गेली. पंखा थांबला, तसं नळाचं थेंब थेंब ऐकू येऊ लागलं... बांगड्या किणकिणल्या... अव्वा खोकली. कोरडं, मध्येच अडखळून.

अगदी त्या पानावरच्याच क्रमाने.

कडी वाजली.

"कोण आलं बाई एवढ्या उन्हाचं," म्हणत अव्वा उठली.

ती 'या' म्हणणारच होती. तिला अडवणं त्याच्या हाती नव्हतं. तिच्या आधी म्हणणं मात्र होतं.

जन्मात अनोळखी माणसापुढे तोंड न उघडलेला मल्लेश धावला. त्याने दार उघडलं.

बाहेर कुणीच नव्हतं. नुसतं पांढरं ऊन. उंबऱ्यापाशी मात्र ते माणसाएवढं मळकं दिसत होतं...

मागे अव्वाची पावलं जवळ आली.

"या," तो म्हणाला. "बसा."

काहीतरी गार त्याच्या अंगावरून आत गेलं.

खुर्ची करकरली.

मागे वळायची हिंमत होईना. डोळे मिटून तो कान देऊन राहिला. काहीच नाही... काहीच नाही...

मग बांगड्या किणकिणल्या.

"कुणाला रं 'या' म्हणालास?" अव्वा विचारत होती.

तो उंबऱ्यावरच बसला आणि लहान मुलासारखा रडला.

संध्याकाळी 'ओसरी'वर एका शब्दाची दाद आली. 'बसलो.' त्यानंतर शरणबसप्पांनी कधी काही लिहिलं नाही.

इथेच थांबायला हवं होतं. पण मल्लेशने ते पांढरं पान पुन्हा उघडलं.

कडी वाजली. या खेपेस आवाज त्याचा स्वतःचा होता. "या, बसा." खुर्ची करकरली. मग बांगड्या, मग खोकला. अव्वा होती.

पण आवाज तिथे संपला नाही.

"मल्लेश," अव्वाने हाक मारली.

नळ गळत होता.

"मल्लेश... अरे मल्लेश..."

ओ कुणीच दिली नाही.

हल्ली अव्वाने हाक मारली की मल्लेश पहिल्याच हाकेला ओ देतो. तोंडात घास असो, कानाला फोन असो. गल्लीला ऐकू जाईल इतक्या मोठ्याने.

"वाचा फुटली बघा माझ्या लेकराला," अव्वा रेवणप्पांना कौतुकाने सांगते.