पाच महिन्यांचं जागरण

“साडेतीन तास! आई, साडेतीन तास झोपलाय हा!”

गोजरा दचकून उठून बसली. हॉलमधल्या चटईवर, तिच्या कुशीत, वीस महिन्यांचा स्वानंद अजून गाढ झोपेत होता. घड्याळात पावणेपाच वाजले होते. ऑफिसातून लवकर आलेली सून, नमिता, खांद्यावरची पर्ससुद्धा न काढता समोर उभी होती... आणि तिच्या डोळ्यांत असा संताप होता की आपण कुठे आहोत हेच गोजराला क्षणभर उमगेना.

“डॉक्टरांनी मागच्या आठवड्यात बजावलं होतं ना, दुपारी दीड तासाच्या वर झोपू द्यायचं नाही? म्हणून तर रात्री उठतो तो! सव्वा वाजता फोन केला तेव्हा आत्ताच झोपला म्हणालात. तुम्हाला स्वतःला झोपायचं असतं म्हणून निजवता ना त्याला?”

गोजरा घाईघाईने स्वानंदला हलवून उठवू लागली.

काय सांगणार होती ती? नमिताला वाटत होतं, पोर रात्री उठतं, पंधरा-वीस मिनिटं कुरकुरतं आणि झोपतं. खरं तर तो रोज दीड वाजता टक्क डोळे उघडायचा, तो थेट चार-साडेचारपर्यंत! भूक नाही, ताप नाही, दुखणं नाही. नुसता जागा. आणि गेले पाच महिने त्या जागेपणाला सोबत होती एकट्या गोजराची.

बाळंतपणानंतर नमिताच्या मनावर एक काळोख उतरला होता. ती जेवत नव्हती, बोलत नव्हती, भिंतीकडे बघत तासन्‌तास रडत बसायची. औषधं सुरू झाली, पण डॉक्टरांनी निक्षून सांगितलं होतं की हिला रात्रीची सलग झोप हवी. वर्षभराने ती सावरली, बेलापूरच्या ऑफिसात पुन्हा जाऊ लागली... आणि नेमकं तेव्हाच पोर रात्री जागू लागलं. न्हावा शेव्याच्या कंटेनर यार्डात पाळीची नोकरी करणारा तिचा नवरा विपुल गावी, मोऱ्याला आईकडे धावला होता.

“आई, तू ये. त्याला रात्री तुझ्याकडे घे. आणि नमिताला सांगू नकोस तो किती वेळ जागतो ते. ती परत तशी झाली तर मी काय करू गं?”

गोजराने मोऱ्याच्या मासळी बाजारातली बत्तीस वर्षांची बसायची जागा धाकट्या जावेला, पुतळाला दिली, घराला कुलूप लावलं आणि ती सीवूड्सला आली.

डॉक्टरांचं म्हणणं तिला कळत नव्हतं असं थोडंच होतं! रात्री दिवा लावायचा नाही, खेळवायचं नाही, बोलायचं नाही. अंधारात नुसतं शेजारी राहायचं. पण तसं केलं की स्वानंद गळा काढायचा, आणि भिंतीपलीकडे नमिता झोपलेली! मग गोजरा त्याला उचलून गॅलरीत न्यायची, दूरच्या रस्त्यावरचे दिवे दाखवायची, हातात बिस्कीट द्यायची... काहीही करून तो रडता कामा नये! पहाटे तो पेंगायचा तेव्हा हिच्या कामाला सुरुवात व्हायची. आणि दुपारी, त्याला निजवता निजवता, तिचीच शुद्ध हरपायची. दीड तासाने उठवायचं असं ठरवून डोळे मिटायचे, आणि देह दगडासारखा पडायचा. पोर दुपारी पोटभर झोपायचं, म्हणून रात्री जागायचं. रात्री जागायचं, म्हणून तिला दुपारी जाग येत नव्हती. या फेऱ्यातून बाहेर कसं पडावं हे त्या बिचारीला उमगतच नव्हतं!

दार उघडलं. विपुल ड्यूटीवरून आला होता.

“विचार आईंना,” नमिता म्हणाली, “बाळाची काळजी आहे की स्वतःच्या झोपेची?”

गोजराने मुलाकडे पाहिलं. एक शब्द... फक्त एक शब्द बोल रे बाळा! विपुल खाली वाकला आणि बुटाची नाडी सोडत राहिला. एवढा वेळ सोडत राहिला, की गोजराला उत्तर मिळालं.

“चुकलंच माजं,” ती म्हणाली.

दुसऱ्या दिवशी सकाळी तिने पिशवी भरली. “पुतळाचं गुडघं दुखतंय. जाऊन येते चार दिस.” स्वानंदने तिच्या लुगड्याचा सोगा मुठीत धरला होता. ती चिमुकली बोटं तिने एकेक करून सोडवली...

मोऱ्याला कुणी रडत नव्हतं. तरी रोज रात्री दीड वाजता गोजराचे डोळे उघडायचे. आता तो उठला असेल. आता कोण घेत असेल? काळोखात ती सकाळपर्यंत तळमळत राही. चौथ्या दिवशी दुपारी मात्र, पुतळाच्या माजघरात, झोपेने तिला अक्षरशः आडवं केलं.

जाग आली तेव्हा ऊन उतरलं होतं. उंबऱ्यावर पाठमोरी कुणीतरी बसली होती. मांडीवर मूल होतं, आणि ती त्याच्याशी अगदी हलक्या आवाजात बोलत होती.

“नमिता?”

“कवाची बसलीय,” पुतळा कुजबुजली. “तीन तास झालं. उठवते म्हनलं तर माजा हात धरला. म्हने, झोपू द्या त्यांना. पोराला पन झोपू देत नाय, घेऊन फिरत व्हती अंगनात.”

नमिता वळली. तिच्या डोळ्यांखाली काळी वर्तुळं होती, केस विस्कटलेले. ती आत आली आणि गोजराच्या पायांवर कोसळली.

“आई... तीन रात्री! तीन रात्री मी त्याला घेऊन बसले आणि मला वाटलं मी वेडी होईन! आज पहाटे मी विपुलवर ओरडले, म्हटलं एकदम हे असं कसं झालं याला? तेव्हा तो रडायला लागला. सगळं सांगितलं त्याने... आणि मी तुम्हाला काय काय बोलले हो!”

बाहेर अंगणात विपुल उभा होता. आत यायचं त्याला धाडस होत नव्हतं.

“ये आत,” गोजरा म्हणाली. “चार दिस लागलं तुला तोंड उघडायला?”

त्याने मान खाली घातली. तो आत आला, आणि तिने पुन्हा विचारलं नाही. आईचं अंतःकरण! ते रागावतं तेही किती थोडं!

त्या रात्री सगळे पुतळाकडेच राहिले. दीड वाजला आणि स्वानंद उठून बसला. गोजराचा हात सवयीने पुढे झाला. पण नमिताचा हात आधीच तिथे होता. दिवा लागला नाही. पोराने दाराकडे बोट दाखवलं, हट्ट केला, मग टाहो फोडला. शेजारचं कुणीतरी खाकरलं.

“आई, थांबत नाही हो हा... काय करू?”

“मना तरी कुटं ठावं हाय, बाय? रडू दे. आपुन हाव ना जवल.”

दोघी काळोखात त्याच्या दोन बाजूंना बसून राहिल्या. काहीच करता येत नव्हतं. नुसता त्याच्या पाठीवर हात ठेवता येत होता. पोर रडलं, दमलं, पुन्हा रडलं. विपुल दोनदा उठला, थोडा वेळ त्याला छातीशी धरून उभा राहिला, मग पुन्हा खाली ठेवून बाजूला बसला. पावणेचारच्या सुमारास पोराचा श्वास संथ झाला. उद्या काय होईल, कुणालाच ठाऊक नव्हतं.

“पाच महिने,” नमिता हळूच म्हणाली. “एकटीने. मला एकदा तरी हाक मारायची होती, आई.”

गोजराने पोराच्या अंगावरचं पांघरूण सारखं केलं.

“मारनार व्हते गं. एकदा दाराशी आले पन व्हते. तू झोपली व्हतीस... किती दिसांनी अशी शांत झोपली व्हतीस! तुजा चेहरा बघितला, आनि मना हाक मारवली नाय.”

नमिताला हुंदका फुटला. पोर जागं होऊ नये म्हणून तिने तो पदरात दाबला, आणि लहान मुलीसारखं सासूच्या मांडीवर डोकं ठेवलं. थोड्या वेळाने तिलाही झोप लागली.

गोजराचा पाय बधिर झाला होता. पण तिने तो हलवला नाही.