बर्फातल्या पेशी

मे महिना, सोमवार, दुपारचे अडीच. धुळ्याच्या एसटीतून उतरून कौतिक थेट जळगावच्या आमच्या प्रयोगशाळेत आला. थर्मासमध्ये बर्फ आणि बर्फात त्याच्या नऊ वर्षांच्या दिपमालाचं रक्त. पोरीला सारखी गळवं होत होती. तिच्या पांढऱ्या पेशी जंतूंवर चालून जातात की नाही, एवढंच आम्ही सांगायचं होतं. नाही म्हटलं, तर धुळ्याचे डॉक्टर पुढच्या आठवड्यात अस्थिमज्जा बदलायच्या तयारीला लागणार होते.

"बर्फ कुणी सांगितला?" माझा आवाज चढला.

"कुंदन सरनी. ताई, मी रावेरमा केळास्ना ट्रकवर शे. आम्ही केळं बी बरफमा ठेवतस नही, काळं पडी जास."

ट्रकवरच्या माणसाला कळतं ते आमच्या विभागप्रमुखाला, कुंदन सरांना, कळत नव्हतं. उन्हाळा आला की सगळं बर्फात घालायचं, मग यंत्रात दोनदा जोरात फिरवायचं, अर्ध्या तासात पेशी वेगळ्या. गारठलेल्या, आपटलेल्या पेशी भांबावतात आणि दोष पोरीच्या माथी बसतो. चार वर्षं मी हे सांगून थकले होते.

तरी पेशी काचेवर मांडल्या. डाव्या कडेला आमिष, म्हणजे मेलेल्या जंतूंचा अर्क. निरोगी पेशी तासाभरात तिकडे सरकतात. या उजवीकडे सरकल्या. भिंगातून चित्र उलटं दिसतं, हे धरूनच सांगतेय. उजवीकडे काहीच नव्हतं. त्या बाजूला फक्त सर उभे होते.

"बघ, दोष आहे. गुरुवारी रिपोर्ट जाईल."

"सर, ताजं रक्त मागवते. बर्फाशिवाय, हळू पद्धतीने करू."

"मला शिकवू नकोस." ते समोर खिडकीपाशी गेले.

पेशी थांबल्या. मग एकेक करून खिडकीकडे वळल्या.

मी काच फिरवली. त्या पुन्हा वळल्या.

"टेबल हलतंय," सर भिंगात डोकावून म्हणाले आणि केबिनमध्ये गेले. पेशी केबिनच्या दिशेने निघाल्या.

मंगळवारी माझ्या सांगण्यावरून कौतिकने ताजं रक्त आणलं, बर्फाशिवाय. मी ते न आपटता, सावकाश वेगळं केलं. सगळ्या पेशी आमिषाकडे गेल्या. दोष नव्हताच, गळवांचं कारण दुसरीकडे शोधायला हवं होतं. सरांनी तो कागद बाजूला सारला. "दोन रिपोर्ट नकोत. पहिलाच जाईल," म्हणाले आणि पहिल्यावर सही केली. एवढा संताप मला आयुष्यात आला नव्हता. बाजूला सारलेला कागद मी उचलून खणात ठेवला.

अशा पेशी एका दिवसात मरतात. बुधवारी संध्याकाळी पहिल्या काचेवरच्या जिवंत होत्या. केबिनच्या बाजूच्या कडेला दाटीने जमल्या होत्या.

गुरुवारी सर आले नाहीत. घरून फोन आला, पहाटेपासून ताप आहे, कशाचा ते डॉक्टरांना कळत नाही.

मी पहिला रिपोर्ट फाडला. दुसरा माझ्या सहीने धुळ्याला पाठवला आणि कौतिकला कळवलं.

"मनी पोर बरी व्हई ना, ताई?"

"होईल, भाऊ."

मग सोमवारची काच पाहिली.

आमिष तसंच पडलं होतं. पेशी आता कुठेच जात नव्हत्या. जागच्या जागी गोल, फुगलेल्या, आत काहीतरी भरलेलं. काहीतरी गिळत होत्या.

सरांचा ताप उतरायचा तर काच फेकून द्यायला हवी होती. मी ती परत पेशी जगवणाऱ्या उबेच्या पेटीत ठेवली.