चिमट्याचा काटा शून्यावर

दार लोटून घे रे, वारं लागतंय. कंदील राहू दे तसाच. ही ऐकीव गोष्ट नाही. ज्याच्यावर गुदरली तो आश्रुबा वायरमन आजही सेलूत राहतो. त्यानं ती मला एकदाच सांगितली, पहिल्यापासून शेवटपर्यंत, आवाज वर-खाली न करता. तशीच तुम्हाला सांगतो.

काम अगदी साधं होतं. १९५८ साल, डिसेंबरची बारा तारीख, शुक्रवार. चंपाषष्ठी चार दिवसांवर आलेली. दिवस कलल्यावर व्यंकटराव आश्रुबाच्या दारात आले. वालूरच्या वाटेवर सरकी काढून कापसाचे गठ्ठे बांधणारं एक जिन होतं, त्याचे ते मॅनेजर. सायकलवरून न उतरताच म्हणाले, "आश्रुबा, गठ्ठ्याच्या प्रेसची मोटर लय तापायली. दिसातून तीनदा फ्यूज जायलाय. तुजा चिमटा घेऊन जा आन् बघ काय भानगड हाय."

"हौ," आश्रुबा म्हणाला. पिशवी उचलली, सायकल काढली आणि निघाला.

चिमटा म्हणजे तो करंट मोजायचा. कागदावर त्याचं नाव टाँग टेस्टर; पण दिसायला चिमट्यासारखा, म्हणून सगळे चिमटाच म्हणत. तार कापायची गरज नाही. त्याचा जबडा उघडायचा, तार मधे घ्यायची, जबडा मिटायचा. तारेतून किती करंट वाहतोय ते काटा सांगतो. आश्रुबानं तो आदल्या वर्षी हैद्राबादेहून आणला होता. दुकानदार म्हातारा, डोळ्याला जाड चष्मा. त्यानं दोन चिमटे पुढ्यात ठेवले. एकाचा जबडा मोठा, मोजमाप तीनशे अँपिअरपर्यंत. दुसरा लहान, पण त्याचं माप बदलता यायचं: पंधरा, साठ, दीडशे. आश्रुबा मोठ्याकडे हात करायला लागला तसा म्हातारा म्हणाला, "तुम्हारी मोटर कितना खाती? बीस-तीस? तो इसमें काँटा नीचेच पड़ा रहेगा मियाँ, क्या पढ़ोगे? दूसरा लो." मग त्यानं जबडा मिटवून उजेडासमोर धरायला लावला. फट दिसता कामा नये. मधे गंज नाही तर कचरा अडकला की काटा खोटं बोलतो. एका वेळी एकच तार धरायची. सगळ्या एकदम धरल्या तर येणारा-जाणारा करंट एकमेकाला खातो आणि काटा हलत नाही. अंदाज नसेल तर आधी मोठ्या मापावर लावायचा.

शेवटी चिमटा कागदात गुंडाळता गुंडाळता म्हातारा म्हणाला, "और एक बात. ये चलता करंट बताता. तार में जान है कि नहीं, वो नहीं बताता. उसके वास्ते टेस्ट लॅम्प लगाके देखना."

"हौ," आश्रुबा म्हणाला होता. त्याचं लक्ष चिमट्याच्या चकाकीकडे होतं.

आता मल्हारीचं ऐका. मल्हारी धनगराचा गडी, वालूरच्या शिवारातला. मेंढरं भावाच्या हवाली करून वायरिंगच्या कामाला लागला होता. आश्रुबाच्याच वयाचा. पाच वर्षं दोघांनी जोडीनं काम केलं. एकजण इंजिनघरात, एकजण तारेच्या दुसऱ्या टोकाला. मल्हारीची एक सवय होती. तारेला हात घालायच्या आधी तो हाक मारून विचारायचा, "आश्रुबा, लावू का हात?" इकडून "लाव" आलं की मगच हात लावायचा.

त्याच वर्षी, मे महिन्यात, याच जिनातली प्रेसची मोटर दुरुस्तीला गेली होती आणि मल्हारी प्रेसच्या शेडमध्ये तारांची टोकं साफ करायला बसला होता. बाकीचं जिन चालू होतं. जिनाची सगळी वीज इंजिनघरातल्या इंजिनावरच तयार व्हायची. प्रेसची लाइन बंद करायला आश्रुबानं इंजिनघरात फ्यूज ओढले. घाईत ओढले ते शेजारच्या ओळीचे. खात्री करायला प्रेसच्या तारेला चिमटा लावला. काटा शून्यावर. शून्यच असणार. पलीकडे मोटरच नाही तर करंट वाहणार कुठून? पण तार जिवंत होती. टेस्ट लॅम्प पिशवीत होता. पिशवी चार पावलांवर होती.

"आश्रुबा, लावू का हात?"

"लाव."

झालं. धावत जाऊन पोचेपर्यंत काही उरलं नव्हतं.

माणसं जमायच्या आत आश्रुबानं शेजारचे फ्यूज परत बसवले आणि प्रेसचे ओढून ठेवले. पोलीसपाटलानं विचारलं तेव्हा सांगितलं, "म्या लाइन बंद केली व्हती. त्यानंच भलत्या तारंला हात घातला." सगळ्यांनी मान हलवली. मल्हारीची बायको मनकर्णाबाई मेंढवाड्यावरून आली, बसली, आणि तीही मान हलवत राहिली.

तेव्हापासून आश्रुबाला काही जाणवेना. भाजीत मीठ नसलं तरी खायचा. एकदा बिडी बोटापर्यंत जळत आली. कातड्याचा वास सुटला तेव्हा त्यानं खाली बघितलं. बायको कडूबाई म्हणायची, "मी बोलायले, तुमी ऐकायलाव का?" तो म्हणायचा, "हौ." रडू आलं नाही. स्वप्नातही कुणी आलं नाही. आत काहीतरी बंद पडलं होतं, आणि ते बंद पडल्याचंही त्याला वाईट वाटत नव्हतं.

तर त्या शुक्रवारी तो जिनावर पोचला तेव्हा सात वाजायला आले होते. काळोख पडला होता. प्रेस चालू होता. इंजिनघरात उभं राहून त्यानं तीन तारा एकेक करून चिमट्यात धरल्या. पहिलीत तीस. दुसरीत तीस. तिसरीत दहा. म्हणजे तिसऱ्या तारेचा जोड कुठंतरी ढिला. ती ओढ कमी घेते, म्हणून बाकीच्या दोघींवर भार, म्हणून मोटर तापते.

साडेसातला प्रेस थांबला. गठ्ठे बांधणारी माणसं शेडला कुलूप घालून, किल्ली आश्रुबाकडे देऊन घरी गेली. इंजिनवाला मुंजाजी म्हणाला, "बंद करू का मग?"

"कर. जेवून ये तू. तवर मी इकडले जोड बघतो, मग शेडातले."

मुंजाजीनं इंजिन बंद केलं. कुणी फिरवून सुरू करू नये म्हणून त्याचं हँडल खांद्यावर टाकलं आणि वालूरकडे निघून गेला. आश्रुबानं या वेळी तिन्ही ओळींचे फ्यूज काढून सदऱ्याच्या खिशात घातले. चिमटा तिसऱ्या तारेलाच लटकत होता. कंदील बोर्डाखाली ठेवला. पाना घेऊन एकेक बोल्ट आवळायला लागला.

इंजिन थांबल्यावर जिनात एक शांतता येते. दिवसभर तो आवाज कानात बसलेला असतो. तो निघून जातो... आणि कानात काहीच राहत नाही.

दुसरा बोल्ट आवळताना त्याला चिमट्याचा काटा दिसला.

काटा दहावर होता.

त्यानं कंदील वर उचलला. दहा. खिशात हात घातला. फ्यूज खिशात होते. चिनीमातीचे, गार.

काटा हळूहळू खाली आला. पाच. दोन. शून्य.

आणि शंभर पावलांवरून, प्रेसच्या शेडातून, हाक आली.

"आश्रुबा..."

रोजचाच आवाज. मोठा नाही, दुखरा नाही. काम करता करता माणूस विचारतो, तसा.

"आश्रुबा, लावू का हात?"

आश्रुबा उभाच राहिला. मला सांगताना तो म्हणाला, की मी भ्यालो नाही. भीती यायला आत जागा लागते. मी नुसतं बघत होतो. पाना हातात होता, तो खाली ठेवावा असंही वाटलं नाही. शेडची किल्ली कमरेला होती. शेडला कुलूप होतं.

काटा शून्यावर.

"बघ की रं... बंद हाय का?"

कुठंतरी लांब कुत्रं भुंकलं. थांबलं.

त्याला वाटलं, गप्प बसावं. गप्प बसलं तर तो हात लावणार नाही. "लाव" म्हटल्याशिवाय मल्हारी कधी हात लावत नसे.

बराच वेळ काही नाही...

मग आवाज आला, जरा जवळून. तारेतून यावा तसा.

"काटा शून्यावर हाय का?"

आश्रुबाची मान आपोआप हलली. हौ.

"मग लावायलो बघ मी."

"थांब!"

स्वतःचाच आवाज त्याला ओळखू आला नाही. पाना हातातून पडला होता. "थांब मल्हारी! काट्यावर जाऊ नको! काटा वाहतं तेवढंच दावतो... तार मेलेली न्हाई! म्या भलते फ्यूज ओढले. लॅम्प लावून बघितलं न्हाई. म्हाताऱ्यानं सांगितलं व्हतं मला, म्या ऐकलं न्हाई. तुजी चूक नव्हती. म्या खोटं सांगितलं... समद्यांला खोटं सांगितलं. मनकर्णाबाईला बी."

काही नाही.

काही नाही.

"मल्हारी..?"

"...बरं," आवाज म्हणाला.

तेवढंच.

मुंजाजी नऊला आला तेव्हा आश्रुबा बोर्डाखाली गुडघ्यांभोवती हात घालून बसला होता. त्यानं जे झालं ते सांगितलं. मुंजाजीनं शेडकडे बघितलं, मग हातातल्या हँडलकडे. "सकाळी बघू," म्हणाला. "आता कुलूप काढायचं न्हाई." दोघं इंजिनघरातच बसून राहिले. झोपले नाहीत. हँडल मुंजाजीच्या मांडीवर होतं.

उजाडायच्या आधी आश्रुबा उठला आणि शेतातून चालत मेंढवाड्यावर गेला. मनकर्णाबाई कोकरं सोडत होती. एकेक कोकरू आईखाली लावत होती. त्याच्याकडे न बघता तिनं सगळं ऐकलं. हात थांबले नाहीत.

"मग त्यानं इचारलं," ती म्हणाली.

"हौ."

"आन् तू लाव म्हणलास."

"हौ."

शेवटचं कोकरू तिनं जरा वेळ धरून ठेवलं. "सात म्हैने समदे मला सांगायलेत, त्योच येंधळा व्हता. धनगरानं तारंत हात घालावाच कशाला, आसं दीर म्हणायलाय. लोकांचं जाऊ दे... म्या बी तेच म्हणलं. त्याच्या दहाव्याला म्या त्याला श्या दिल्या, आश्रुबा."



तिनं कोकरू सोडलं. पदर खोचला. "चल. जे मला सांगितलंस ते तिथं चार माणसांत सांग. आन् मला ती जागा दाव. म्या ती बघितलीच न्हाई."

आठ वाजता जिनात माणसं जमली होती. व्यंकटराव आले होते. इंजिन बंदच होतं. लाइन दुरुस्त झाल्याशिवाय ते लावायचं नव्हतं. आश्रुबानं शेडसमोर उभं राहून सगळ्यांना सांगितलं. फ्यूज, चिमटा, लॅम्प, खोटं. रात्रीचंही सांगितलं.   "आजचं काम कर," व्यंकटराव म्हणाले, "उद्यापासून येऊ नको." आश्रुबानं मान हलवली. सात महिन्यांत पहिल्यांदा त्याचं तोंड कडू झालं होतं, आणि ते त्याला जाणवत होतं.

मग त्यानं कुलूप काढलं.

प्रेस थांबला की हवेतली रुई रात्रभर खाली बसत राहते. शेडात सगळ्यावर तिचा पांढरा थर होता. गठ्ठ्यांवर, मोटरवर, स्विचच्या खोक्यावर, जमिनीवर. आदल्या संध्याकाळची पावलंही त्याखाली बुजली होती. नवं पाऊल एकही नव्हतं.

मोटरच्या वर, भिंतीला, तिसऱ्या तारेचा जोड होता. ढिला तोच असणार होता. आश्रुबानं बघितलं. जोड कुणीतरी उकलून नव्यानं मारला होता. पीळ घट्ट, एकसारखा. त्यावर काळी चिकटपट्टी गुंडाळलेली, शेवट दाबून नीट बसवलेला. तिच्यावर रुईचा एक धागाही नव्हता.

"हे कुणी केलं?" व्यंकटरावांनी विचारलं. गठ्ठेवाले एकमेकांकडे बघायला लागले.

मनकर्णाबाई पुढं झाली. "हीच का जागा?"

"थांबा," आश्रुबा म्हणाला. त्यानं पिशवीतून टेस्ट लॅम्प काढला. तिन्ही तारांना लावून बघितला. पुन्हा लावला. दिवा लागला नाही. लागणारही नव्हता, इंजिन रात्री साडेसातपासून बंद होतं, हँडल मुंजाजीच्या हातात होतं. तरी त्यानं तिसऱ्यांदा बघितलं, मग बाजूला झाला.

मनकर्णाबाईनं हात वर केला आणि त्या जोडावर ठेवला. तसाच ठेवला. बराच वेळ.

"अजून ऊन हाय," ती म्हणाली.