न पचलेली माफी

“अहो बाई, बाजूला व्हा! बल्ब डोक्यात पडला तर माझ्या नावानं शंख कराल.”

मी वर पाहिलं. चर्चमधल्या उंच शिडीवर नवा वायरमन… आणि ते मिस्कील हसू! गाण्याच्या सरावाला आलेली मी, पण त्या संध्याकाळी सूर काही केल्या लागेना.

मग काय, आमचा सराव असला की चर्चमधली एखादी वायर हटकून बिघडायची. मग गेटपाशी आमच्या गप्पा रंगायच्या. असंच बोलता बोलता मी त्याला दादाबद्दल सांगितलं. माझा एकुलता भाऊ, छापखान्यात शॉक लागून गेला.

त्याचा चेहरा पांढराफटक पडला. “त्या मशीनच्या वायरचा जोड… मीच दिला होता. घाईत उघडा राहिला.”

माझ्या पायाखालची जमीनच सरकली. घरी येऊन आईला सगळं सांगितलं. ती खूप रडली आणि मग म्हणाली, “घेऊन ये त्याला.” तो आला तेव्हा तिनं त्याच्या डोक्यावर हात ठेवला. “माफ केलं रे लेकरा. प्रभूनं मला किती वेळा केलंय!”

मला मात्र जड गेलं. प्रार्थनेत ‘आम्हीही क्षमा करतो’ ही ओळ आली की जीभ अडायची. एका रविवारी ती अडली नाही, आणि मी हमसून हमसून रडले.

तेव्हापासून तो दर रविवारी आमच्या घरी येऊ लागला. नळ बसव, दार तास, पंखा दुरुस्त कर. पण घोटभर पाणी घेईल तर शपथ! आईनं ताट वाढलं की म्हणायचा, “पोट भरलंय.”

एक दिवस हातातला पाना न ठेवताच म्हणाला, “माझ्याशी लग्न करशील? तुझ्या आईचा मुलगा होईन. जन्मभर राबेन तुमच्यासाठी.”

याच प्रश्नाची तर मी वाट पाहत होते… मग ‘हो’ का म्हणवेना?

“आणि माझ्यावर प्रेम?”

“फार आहे गं. पण तसं म्हणायचा हक्क कुठाय मला?”

“म्हणजे मी तुझी शिक्षा होय? मला नवरा हवाय रे, गडी नको! आईनं माफी फुकट दिली, आणि तू ती हप्त्यांनी फेडतोयस.”

“पचतच नाही मला ती…” त्याचे डोळे भरून आले.

“मग आत्ता नको. काहीही दुरुस्त न करता या घरात जेवायला बसशील, त्या दिवशी विचार. मी हो म्हणेन.”

त्यानं हत्यारांची पिशवी उचलली. दारात घुटमळला. वाटलं, आता खाली ठेवेल.

नाही ठेवली. आणि जीव तुटत असूनही मी हाक मारली नाही.