शून्य गळती

मुलांनो, जरा डोळे मिटा आणि अशी एक वसाहत समोर आणा, जिथे शेजाऱ्याची शिंकसुद्धा शेजाऱ्याला ऐकू जात नाही. कुकरची शिट्टी भिंतीच्या आतच विरते. कुत्रं भुंकतं ते फक्त मालकासाठी. घरातला आवाज बाहेर जाणं म्हणजे उघड्यावर थुंकणं, असं तिथली शहाणी माणसं मानतात. आणली समोर? गडहिंग्लजजवळच्या त्या वसाहतीचं नाव निवांतनगर. लेकाच्या हट्टापायी विश्वनाथ गुरव, म्हणजे सगळ्यांचे नाना, हे म्हातारे पखवाजवादक तिथे राहायला आले आणि सगळी भानगड सुरू झाली.

नानांना ही माणसं मनापासून तुच्छ वाटत. "मढ्यांची वस्ती नुसती," ते नातीला, जुईला म्हणत. "टाळी वाजवायची तरी आधी अर्ज करतील." वस्तीचंही नानांबद्दल काही वेगळं मत नव्हतं. चिटणीस कारेकर फाटकाशी येत, वास आल्यासारखं नाक मुरडत आणि म्हणत, "गुरव, ते तुमचं बडवणं कधी थांबायचं?"

शेवटी तह झाला. मागच्या अंगणातल्या पत्र्याच्या शेडला आतून उलटपडदा लावायचा आणि तालीम तिथेच करायची. पुढे तपासणीत आवाजाची गळती आढळली, तर शेड जमीनदोस्त.

हा उलटपडदा समजायला सोपा आहे. आवाज म्हणजे हवेतली लाट. लाटेचा उंचवटा जिथे येतो, नेमका तिथेच दुसऱ्या लाटेचा खळगा आणून ठेवला, की दोघी एकमेकींना गिळतात. उरते शांतता. हा पडदा अशी उलटी लाट सोडतो. तो ज्यांनी घडवला त्या डॉक्टर शबाना मुजावर, शेडमध्ये पखवाज वाजणार हे ऐकून, स्वतः बघायला आल्या.

नाना आत बसून वाजवू लागले. बाहेर डॉक्टरांच्या गळतीमापकाचा काटा हललासुद्धा नाही. मग जुई बसली, आणि अंगणात मधूनच एखादी थाप फुटू लागली.

नाना तरातरा आत गेले. पखवाजाच्या डाव्या तोंडाला ओली कणीक थापतात, तेव्हा कुठे त्याला खर्ज येतो. जुईची कणीक कधी सैल व्हायची, कधी वाजवता वाजवता वाळायची, आणि आवाज भलतीकडेच जायचा.

"कणीक लावलीस का पोळ्या लाटायला बसलीस? हात हाय का पळी? बघा बाई, कच्चा हात गळतो. आमचा थेंबभर सांडला न्हाई!"

डॉक्टर जरा घुटमळल्या. "नाना, एक गोष्ट सांगायची राहिली. लाट पडद्यापाशी पोचेल तेव्हा उलटी लाट तयारच हवी. म्हणजे थाप पडायच्या आधी पडद्याला ती ओळखावी लागते. ऐकून ऐकून तो शिकतो. जे ओळखलं ते गिळतो. जे ओळखता येत नाही, तेवढंच बाहेर सांडतं."

"म्हंजे माझं..."

"तुमची एकही थाप त्याला नवी वाटली नाही."

नाना तुच्छतेने हसले. "अहो बाई, ठेका ठरलेलाच असतो! सम कुठं येणार हे ठाऊक असतं, म्हणून तर माणूस मान डोलावतो. तुमच्या ह्या ताडपत्रीला काय कळतंय?"

"खरंय. पण समेची वाट बघताना माणसाला जरा धाकधूक होते. गाठतोय की चुकतोय! पडद्याला तसं काही झालं नाही."

डॉक्टर गेल्या. नानांनी जुईला बाहेर उभं केलं आणि दार लावून घेतलं. बोल उलटे फिरवले, लय मोडली, तीनदा वाजून समेवर येणाऱ्या तिहाया भलत्याच मात्रेवरून उचलल्या. घामाघूम होऊन ते बाहेर आले.

"आलं काय बाहेर?"

जुईने खाली बघत नकारार्थी मान हलवली.

तपासणीला कारेकर चार सभासदांना घेऊन आले. "म्हातारबुवा नकोत, त्या पोरीला बसवा," ते म्हणाले. "ऐकू येते ती गळती तिचीच आहे."

नानांनी जुईला बाजूला घेतलं. "मी शिकवलंय तसंच वाजव, बाळा. हिकडचं बोट तिकडं नको. शेड गेली तर पखवाज माळ्यावर जाईल, आणि तुझं शिकणंबी."

जुई आत गेली. दार लागलं. पत्र्याला लावलेल्या मापकाचा काटा ढिम्म राहिला. सगळे त्याच्याकडे बघत होते, बराच वेळ. शेवटी कारेकरांचा चेहरा खुलला. "वा! याला म्हणतात संस्कार. शून्य गळती! पोरगी तयार झाली हो तुमची." त्यांनी दारावर हिरवी चकती डकवली, नानांच्या पाठीवर थाप मारली आणि मंडळी गेली.

नानांना आनंद व्हायला हवा होता. त्यांनी दार उघडलं.

जुई हात मांडीवर ठेवून बसली होती. पितळीतला कणकेचा गोळा तसाच होता, त्यावर साधं बोटही उमटलं नव्हतं.

"तू वाजवलंस कधी?"

"वाजवलंच नाही, नाना."

नाना उंबऱ्यावरच टेकले. आयुष्यभराची त्यांची तालीम आणि हे नुसतं बसणं, यांतला फरक बाहेर उभ्या एकालाही कळला नव्हता. कारेकरांना हसावं म्हणून त्यांनी तोंड उघडलं, पण मढी कोण, हेच आता त्यांना नीट सांगता येईना.

आणि जुई? तिने गोळा उचलला, पाण्याचा नुसता हबका मारला आणि डाव्या तोंडाला थापला. पुन्हा सैलच. मग नानांचा हात धरून तिने त्यांना बाहेर अंगणात उभं केलं.

"आता ऐका हं," ती म्हणाली आणि आत जाऊन तिने दार लावून घेतलं.