अकरा पौंड

मुखरू मुनीम हिशेबाला पक्का. सेठने कलकत्त्याला विमानाने जायला सांगितलं, तेव्हा त्याने आधी खर्च मांडला आणि मग देवाला हात जोडले. मूल गावाहून नागपूरपर्यंत छोट्या लाइनची गाडी, थर्ड क्लास. विमानाचं जायचं-यायचं तिकीट सेठने काढलेलं. चव्वेचाळीस पौंड सामान फुकट, म्हणजे साधारण एकवीस शेर. वरच्या खर्चाला वीस रुपये रोख, वर एक दमडी नाही. लाखेचे नमुने आणि भावाचा बंद लिफाफा त्याच दिवशी दुपारी चारच्या आत तिथल्या कंपनीच्या खिडकीवर पोचवायचा. सौदा झाला की मुखरू धंद्यात चार आण्यांचा, म्हणजे पाव हिश्श्याचा भागीदार. वीस वर्षं दुसऱ्याची तिजोरी राखलेल्या माणसाला आणखी काय पाहिजे हो?

नमुन्यांचं पोतं त्याने पोंभुर्ण्यापलीकडच्या जंगलातल्या बाजारात, आपल्याच तराजूवर जोखलं. तिथलं लोखंडी पाच शेरी वजन मागच्या पावसाळ्यात नाल्यात गेलं होतं. तेव्हापासून एक काळा गुळगुळीत दगड पाच शेर म्हणून चालायचा. खरा होता साडेपाच. लोक बिचारे लाख आणून पारड्यात ओतायचे आणि दर जोखीमागे अर्धा शेर मुखरूच्या घशात जायचा. हा दगड त्याने गावाबाहेरच्या उभ्या दगडांतून उचलला होता. माणूस गेला की तिथली मंडळी त्याच्या नावाने तिथे दगड उभा करतात, हे त्याला चांगलं ठाऊक होतं. पण तिथे दगड पन्नास, एकाने काय बिघडतं, असं त्याचं गणित.

लाख विकायला आलेल्या सोमारीने तो दगड बघताक्षणीच ओळखला होता.

"भाऊ, तो इसरू हाय," ती म्हणाली. "त्याले जाग्यावर ठेवून दे."

इसरू तिचा नवरा. बारा वर्षं मुखरूची लाख उजव्या खांद्यावर घेऊन तो मूलपर्यंत पायी जायचा. बैलगाडीचं भाडं मुखरूच्या जिवावर यायचं ना! गेल्या उन्हाळ्यात इसरू ओझ्यासकट वाटेत बसला तो उठलाच नाही.

"मंग बरंच झालं की," मुखरू हसला. "मेल्यावरबी माया कामावर हाय. मजुरीबी द्या लागत नाई."

सोमारी हसली नाही. आणलेली लाख न विकताच ती परत घेऊन गेली.

त्याच दगडाने चार जोखी मुखरूने पोत्यात भरल्या. वीस शेर म्हणायचे, खरे बावीस. म्हणजे पंचेचाळीस पौंड. एखादा पौंड जास्त भरेल, बाबूला हातापाया पडून सांगू, असं त्याने ठरवलं होतं.

नागपूरच्या विमानतळावर आधी माणसाला काट्यावर उभं करतात आणि मग सामान ठेवतात. मुखरू एकशे आठ पौंड भरला. बाबूने ते लिहून घेतलं. मग मुखरूने एका हाताने पोतं धरून काट्यावर ठेवलं.

"छप्पन्न," बाबू म्हणाला. "बारा पौंड जास्त. बारा रुपये."

"छप्पन्न कसे होतील साहेब? काटा बिघडला असंल."

बाबूने मुखरूला बाजूला सारून मागच्या प्रवाशाची पेटी ठेवली. ती बरोबर भरली. मुखरूने मनात पुन्हा आकडे लावले. एक पौंड आपला, तो कबूल. पण हे अकरा आले कुठून? अकरा पौंड म्हणजे साडेपाच शेर, हे मनात आलं तसं त्याने ते झटकून टाकलं आणि बारा रुपये मोजून दिले.

कलकत्त्याला उतरला तेव्हा एक वाजला होता. टॅक्सीवाला सात रुपये मागत होता. परतीच्या गाडीचे पैसे ठेवले तर खिशात दोनच उरत होते. बसवाला पोतं घेईना. शेवटी त्याने पोतं उजव्या खांद्यावर मारलं आणि आठ मैलांची वाट धरली. दर फर्लांगाला पोतं खाली ठेवायचा. पण खांदा काही हलका होत नव्हता. वाटेत दोनदा त्याने मागे वळून पाहिलं. मागून कोणीतरी धापा टाकतंय असं वाटलं म्हणून. मागे रस्ता मोकळा होता.

पोचला तेव्हा चार वाजून दहा मिनिटं झाली होती. खिडकी बंद.

फाटकावरच्या तोलाऱ्याला त्याची कीव आली. त्याने पोतं मोठ्या काट्यावर ठेवून पाहिलं. पंचेचाळीस पौंड, ना कमी ना जास्त.

लाख त्याने मिळेल त्या भावाला तिथेच फुंकली. परतीच्या विमानाला त्याच्याकडे सामान असं काहीच नव्हतं. काट्यावर एकटा उभा राहिला. बाबूने आकडा पाहिला, येतानाचा कागद पाहिला आणि हिंदीत थट्टा केली, "रसगुल्ले बहुत खाए लगता है."

एकशे एकोणीस.

काल सकाळपासून मुखरूच्या पोटात दोन मुठी मुरमुरे गेले होते.

सेठ रागावला नाही. हात पुढे करून किल्ल्या तेवढ्या मागून घेतल्या. वीस वर्षांची नोकरी एका हाताच्या इशाऱ्यावर गेली! जळफळत मुखरू तसाच जंगलातल्या बाजारात आला. त्याला एकच गोष्ट बघायची होती.

त्याने तराजू टांगला. एक पारडं रिकामं ठेवलं, दुसऱ्यात दगड.

दांडी सरळ राहिली.

त्याने रिकाम्या पारड्यात चिमूटभर लाख टाकली. लाखेचं पारडं खाली गेलं आणि दगडाचं वर आलं.

समोर सोमारी उभी होती. कधी आली, कोण जाणे.

"घेऊन जा बाई, तुया दगड घेऊन जा!" मुखरूचा आवाज फाटला. "चुकलो मी."

तिने दगडाकडे पाहिलंही नाही. ती मुखरूच्या उजव्या खांद्याच्या वर पाहत होती. आपल्या बोलीत ती हळू काहीतरी म्हणाली. मुखरूला त्यातलं फक्त इसरूचं नाव कळलं. मग मान कलती करून तिने थोडा वेळ ऐकून घेतलं.

"म्या सांगून पाह्यलं, भाऊ," ती म्हणाली. "आता पायी चालत नाई म्हनते तो."